देवाला घातलेली मुदत

६ जानेवारी

नोकरी जाऊन साडेतीन महिने झाले. सतरा वर्षं पेपरात दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे दिले, स्वतःच्या बातमीला मात्र धड मथळा सुचत नाही. 'उपसंपादक घरी.' सिंगल कॉलम, तोही आतल्या पानावर.

रेवती आठला मुलुंडच्या ऑफिसला जाते. मग दिवसभर घरात मी आणि नाना. वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत, कानाने ठणठणीत, डोळ्याने जेमतेम. गिरणी बंद पडल्यापासून भटवाडीची ही खोली सोडून ते कुठे राहिले नाहीत. ते मला नोकरीबद्दल एका शब्दाने विचारत नाहीत. न विचारण्याचा एवढा त्रास होतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या सर्वेशने नवी रिक्षा आणली. भटवाडीत रिक्षा असो, बारसं असो, नोकरीचा पहिला दिवस असो, नारळ नानांच्याच हातात देतात. नानांनी गाऱ्हाणं घातलं, मी सहज फोनवर शूट केलं. पस्तीस वर्षांचा सर्वेश रिक्षाच्या टपावर हात ठेवून हमसून हमसून रडला. माझ्यातला मेलेला उपसंपादक जागा झाला. म्हटलं, ही बातमी आहे.

९ जानेवारी

व्हिडिओ टाकला. नाव दिलं 'नानांचे गाऱ्हाणे'. एक्केचाळीस जणांनी पाहिला. त्यातले निम्मे भटवाडीतले, उरलेले सर्वेशच्या सासरचे.

धवलला फोन केला. तोही माझ्यासारखाच डेस्कवरून उठवलेला, पण त्याने लवकर जमवून घेतलं. म्हणाला, "अरे, एआयला विचार ना यार. सगळे तेच करतात. मथळ्याला आता माणूस लागत नाही."

म्हटलं, ते मला माहीत आहे, म्हणून तर दुपारी तीन वाजता तुला घरून फोन करतोय.

१० जानेवारी

यंत्राला आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते समजावलं. लिहिलं, आमच्या मालवणी घरांत काही शुभ काम असलं किंवा संकट आलं की थोरला माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने विनवणी करतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्याला कळलं. आमच्या गुजराती मॅनेजरला सतरा वर्षांत कळलं नव्हतं.

दहा शीर्षकं दिली. पहिली दोन निबंधाची होती. तिसरं होतं: 'नवी रिक्षा सुरू करण्याआधी नाना देवाशी काय बोलले?' मी खुर्चीत मागे टेकलो. हे मला सुचलं नसतं. सुचलं असतं तरी तीन चहानंतर.

रात्रीपर्यंत चार हजार.

१६ जानेवारी

आज ठरवून रेकॉर्डिंग. नानांना धोतर नेसायला लावलं, मागे देव्हारा. नाना उभे राहिले, हात जोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नाव?"

"कोणाचं?"

"ज्येचां गाऱ्हाणां घालूचां तेचां. नाव, गाव, आवशीचां नाव."

मी म्हटलं, नाना, हे सगळ्यांसाठी आहे. ज्यांना नोकरी नाही त्या सगळ्यांसाठी.

"सगळे म्हणजे कोण रे? देवाक पत्तो नको?"

वीस मिनिटं घासाघीस झाली. शेवटी 'जो कोण आयकता हा, तेचां' यावर तडजोड झाली. ते बोलले सुंदरच. पण सुरुवातीला त्यांनी गावच्या सगळ्या देवांची, सीमेवरच्या राखणदारांची, घराण्याच्या गेलेल्या माणसांची नावं घेतली, दोन मिनिटं त्यातच गेली. यंत्र म्हणतं, पहिल्या आठ सेकंदांत पकडलं नाही तर माणूस जातो. कापली. नावं जातील तर जाऊ देत, माणूस जायला नको.

२३ जानेवारी

नोकरीच्या गाऱ्हाण्याचं शीर्षक: 'हे गाऱ्हाणं रोज ऐका, सात दिवसांत नोकरीचा फोन!' एआयने दिलं. मी जरा हात फिरवला.

३१ जानेवारी

दोन लाख सहा हजार. आमच्या पेपराचा उपनगरांतला खप एवढा नव्हता.

खाली लोक आपली नावं लिहून जातात. 'नाना, माझं नाव विकी, राहणार मानखुर्द, आईचं नाव शेवंता.' एकाने नाव लिहिलं की दुसरा लिहितो. हजारांनी नावं आहेत. नानांना सांगितलं तर म्हणाले, "माका वाचून दाखय. एकेकाचां घालतंय." हसलो. म्हटलं, नाना, आयुष्य पुरणार नाही.

रेवतीने जेवताना विचारलं, "सात दिवस असं नाना कुठे म्हणतात?"

"ते शीर्षक आहे गं."

"पण म्हणतात कुठे?"

तिला मथळा आणि मजकूर यांतला फरक समजावून सांगितला. तिने ताट उचललं. हिला माझं काही चाललेलं बघवत नाही, असं मला हल्ली वाटू लागलं आहे.

६ फेब्रुवारी

आजारपणाचं गाऱ्हाणं. यंत्राला म्हटलं, धार दे, भीती दे, आकडा दे. त्याने बाकी सगळं दिलं, पण आकड्यावर अडून बसलं. म्हणे, ठरावीक दिवस सांगितले तर आजारी माणसं त्यावर विसंबून उपचार पुढे ढकलू शकतात, त्यापेक्षा 'आजारपणात धीर देणारं गाऱ्हाणं' असं काही ठेवा. शिवाय खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' अशी ओळ टाका.

मला पत्रकारिता शिकवतंय! सतरा वर्षांत एकदाही माफीनामा छापावा लागला नाही मला.

'डॉक्टरांनी हात टेकले? एकवीस दिवस हे गाऱ्हाणं चुकवू नका!' असं ठेवलं. प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे आपण काही विधान करत नाही. डेस्कवरचा पहिला धडा.

१० फेब्रुवारी

चार लाख. एका वाहिनीच्या पोरीने मुलाखतीसाठी फोन केला. धवलने विचारलं, माझ्या बायकोच्या रेसिपींना शीर्षकं देशील का. मी आता मागे वळून बघत नाही. आरशात दाढी करताना शिट्टी वाजवत होतो, हे रेवतीने सांगितलं तेव्हा कळलं.

१५ फेब्रुवारी

दुसऱ्या माळ्यावरचे चंद्रप्रकाश जिन्यात भेटले. नाना माझ्यासोबत होते. चंद्रप्रकाश म्हणाले, "नाना, झकास काम चाललंय तुमचं. सात दिवसांत नोकरी लावता म्हणे. माझ्या भाच्याचं बघा ना जरा."

नाना हसले. मग पायरीवर थांबून म्हणाले, "कोणी सांगलां सात दिवस?"

"तुमच्याच व्हिडिओवर लिहिलंय की."

नानांनी कठडा धरला. सावकाश घरी आलो. संध्याकाळी रेकॉर्डिंग होतं, पण त्यांचा घसा बसला. नेमका आज. लग्नाच्या गाऱ्हाण्याची सगळी तयारी झाली होती.

१८ फेब्रुवारी

नानांचा घसा तसाच. जेवायला मागतात, पाणी मागतात, पण देव्हाऱ्यापुढे उभे राहिले की हाताने नको म्हणतात. गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध, सगळं झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. नळी घालून बघितलं. म्हणाले, घसा उत्तम आहे, या वयात असा घसा मी पाहिला नाही.

बरं वाटलं. म्हणजे आठवडाभरात सुरू करता येईल.

२६ फेब्रुवारी

सर्वेशच्या पोराच्या जावळाला बोलावलं, तरी नाना गेले नाहीत. सर्वेशची आई दोनदा येऊन गेली. भटवाडीत असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, निदान शेजाऱ्यांकडे तरी जा, कॅमेरा नाही तिथे. नाना खिडकीकडे तोंड करून बसून राहिले.

मी जुन्याच शूटिंगचे तुकडे नव्या शीर्षकांनी टाकतो आहे. 'संततीसाठी.' 'घरातली भांडणं थांबण्यासाठी.' त्यातले नानांचे शब्द तेच आहेत, कोणाच्या लक्षात येत नाही. ही गोष्ट मला कुठेतरी टोचायला हवी होती.

१६ मार्च

हे लिहायला तीन वेळा बसलो आणि उठलो.

सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आली. चाळिशीची, सोबत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. नाव सुगंधा. मानखुर्दहून विचारत विचारत आली होती. व्हिडिओत भटवाडीचा उल्लेख ऐकला होता, बाकी रिक्षावाल्यांनी दाखवलं. गळ्यात काही नव्हतं. मुलगी प्रांजल दारातच उभी राहिली, आत आली नाही. नानांना बघितल्यावर बाईने पायांवर डोकं ठेवलं आणि तिथेच बसून बोलायला लागली. ती भांडायला आली असती तर किती बरं झालं असतं.

तिचा नवरा लवू. हृदयाच्या नसा बंद होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताबडतोब ऑपरेशन करा. लवू मुळातच घाबरलेला. तिने आमचा व्हिडिओ दाखवला. दोघांनी ठरवलं, एकवीस दिवस पूर्ण करू आणि मग दाखल होऊ. गावी त्यांच्या घराण्यातही गाऱ्हाणं घालत, त्यामुळे शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. रोज सकाळी आंघोळ करून फोन पाटावर ठेवायचे आणि तिघं जण हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचे.

एकोणिसाव्या दिवशी लवू गेला.

मग तिने जे विचारलं ते मी आहे तसं लिहितो.

"नाना, बाराव्या दिवशी आमचा रिचार्ज संपला होता. तो एक दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोनदा ऐकलं. पण तो एक चुकलाच ना. तिथे लिहिलं होतं चुकवू नका. माझ्यामुळे गेले का ते?"

मी नानांकडे बघितलं नाही. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. महिन्याने त्यांचा आवाज मोकळा फुटला, आणि तो अजिबात बसलेला नव्हता.

"नाय गो बाय. तुझी काय्येक चूक नाय. तुझी नाय."

'तुझी नाय' हे ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

१७ मार्च

सकाळी चहा झाल्यावर नाना म्हणाले, "फोन आण. वरचां लिवलेलां सगळां माका वाचून दाखय."

सदतीस शीर्षकं होती. मी वाचत गेलो. एकेक वाचलं की ते मान हलवायचे, पुढचं. सात दिवसांत नोकरी. अकरा दिवसांत स्थळ. एकवीस दिवस चुकवू नका. आपलीच शीर्षकं मोठ्याने वाचणं काय असतं, हे सतरा वर्षांत कधी अनुभवलं नव्हतं. पेपरात मथळा देऊन आपण घरी जातो. वाचणारा कुठेतरी लांब असतो. इथे तो माझ्या समोर मोरीला टेकून बसला होता आणि माझा बाप होता.

वाचून झाल्यावर म्हणाले, "देवाक मुदत घालूची नसता रे. आपण मागूचां. कधी देवचां, देवचां की नाय, तां तेचां तो बघतलो. माझ्या आज्यान घातल्यान नाय, बापाशीन घातल्यान नाय. तू माझ्या तोंडान घातलंस."

मी म्हटलं, नाना, ते एआय लिहितं.

एवढं बोलून मी थांबलो. लाज नावाची गोष्ट माझ्यात अजून थोडी शिल्लक असावी.

१८ मार्च

खरं लिहितो. या वहीत तरी.

सात हा आकडा एआयने दिला नव्हता. त्याने लिहिलं होतं 'नोकरीच्या शोधात असताना ऐकावं असं गाऱ्हाणं'. ते पुळचट वाटलं, म्हणून मी सात टाकला. एकवीसही माझाच. तो टाकू नका म्हणून यंत्राने सांगितलं होतं, कारणासकट सांगितलं होतं, आणि त्या कारणाचं नाव लवू होतं. मला तेव्हा नाव माहीत नव्हतं एवढंच.

दुपारी सगळे व्हिडिओ काढून टाकले, चॅनेल बंद केलं. बंद करण्याआधी आकडा किती झाला ते बघितलं. हेही लिहून ठेवतो. बघितलं मी.

रेवतीला सांगितलं. तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "त्या बाईला सांगितलंस का, की आकडा तू टाकलास?"

नाही सांगितलं.

"मग ती अजून तो एक दिवसच मोजत बसली असेल."

२५ मार्च

आपण काढलं म्हणून जात नाही. कोणीतरी उतरवून ठेवलेलं 'गुप्त मालवणी मंत्र, नऊ दिवसांत शत्रूचा नाश' अशा नावाने फिरतं आहे. पाण्याच्या टाकीजवळ दोन बायका ऐकत होत्या. नानांचाच आवाज. नाना वर खिडकीत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली. आता दिवसभर ती लावलेलीच असते.

माझ्या बापाकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. गिरणीने त्याचं बाकी सगळं घेतलं, ही तेवढी राहिली होती. भटवाडीतल्या शेपाचशे माणसांना वाटायचं की या माणसाचा शब्द वर पोचतो, आणि त्यालाही ते मनातून वाटायचं. मी साडेतीन महिने रिकामा बसलो होतो, म्हणून मी ते काढून घेतलं. माझ्याच्याने दुसरं काहीच होत नव्हतं.

३० मार्च

पाडवा. गुढी रेवतीने उभारली. दरवर्षी नाना गाऱ्हाणं घालतात. या वर्षी त्यांनी नुसता नमस्कार केला आणि आत गेले. आम्ही दोघं गुढीकडे बघत उभे राहिलो, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.

५ एप्रिल

सुगंधाचा फोन आला, नंबर ती त्या दिवशीच घेऊन गेली होती. प्रांजल शाळेत जायला तयार नाही, जेवत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. नववीची परीक्षा चार दिवसांवर आली आहे. "नानांनी एकदा तिच्यासाठी गाऱ्हाणं घातलं तर..."

नानांना सांगितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "येवक सांग. पण तू घाल."

"मी?"

"माझां तोंड आता देवाच्या कामाचां रवलां नाय. तू घाल. तुझ्याच तोंडान माग. आणि आधी तिका सांग, काय झालां तां."

मला येत नाही, म्हटलं. मी त्यांच्या गाऱ्हाण्यांचे सदतीस व्हिडिओ कापून जोडले, पण पहिल्या दोन वाक्यांपुढे मला एकही पाठ नाही. संध्याकाळभर आठवून पाहिलं. पहिल्या देवानंतर दुसरं नाव कोणतं, तेही आठवेना. ती सगळी मीच कापली होती. शेवटी यंत्राकडे गेलो. त्याने विचारलं, मुलीचं नाव काय, वडील कसे होते, तिला काय आवडतं. मला यातलं नाव सोडून काही माहीत नव्हतं. तरी त्याने जे लिहून दिलं ते वाईट नव्हतं.

६ एप्रिल

त्या दोघी दहाला आल्या. रेवती घरीच होती. तिने प्रांजलला जवळ बसवून घेतलं, तिच्या हातात वाटी दिली. पोरीने दोन घास खाल्ले.

मी ठरवलं होतं, आधी सांगायचं. बसलो सुगंधासमोर. म्हटलं, "ताई, ते एकवीस दिवस मी लिहिले होते. नानांना माहीत नव्हतं. त्याला काही आधार नव्हता. मी बघणारे वाढावेत म्हणून लिहिलं. तुमचा दिवस चुकला म्हणून काही झालं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मारेल. मारावं. मग ती हळूच म्हणाली, "असं नका बोलू दादा. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली. तिला ते नको होतं. एक दिवस चुकला हे तिला सोसतं आहे. काहीच नव्हतं, नवऱ्याला आपण काहीच नसलेल्या गोष्टीसाठी घरी बसवून ठेवलं, हे सोसणार नाही. मी नानांकडे बघितलं. नाना खाली बघत होते.

मग देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो आणि गाऱ्हाणं घातलं. फोन हातात धरून, वाचून. शेवटपर्यंत गेलो. सुगंधा प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत होती, डोळे मिटून. रेवतीही म्हणाली. नानांचे हात जोडलेले होते. ओठ हलले नाहीत.

संपल्यावर सुगंधाने डोळे पुसले. तिचा चेहरा खरंच हलका झाला होता, हे मी खोटं लिहीत नाही. तिने पिशवीतून फोन काढला.

"दादा, तुम्ही बोलत होतात तेव्हा हे यात भरून घेतलंय मी. किती दिवस ऐकायचं?"

मी म्हटलं, दिवस नसतात ताई. ऐकायची गरजच नाही.

"असं कसं? सांगा ना. किती?"

प्रांजल वाटीतून मान वर करून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, नाना बोलतील. ते देव्हाऱ्याकडे बघत होते. मी परत म्हटलं, नसतात.

"बरं, मी एकवीसच धरते," सुगंधा म्हणाली, आणि मुलीचा हात धरून उठली. "या वेळी एक पण दिवस चुकवणार नाय."